फ्रान्स आणि इटलीची नाणी एकाच मापाची कशी?

प्रश्न: माझ्या संग्रहातील फ्रान्सचे ५ फ्रँक आणि इटलीचे ५ लिरा ही १८७० च्या सुमाराची चांदीची नाणी वजनाने व व्यासाने सारखीच भरतात, हा योगायोग समजावा काय?

प्रतिसाद १: मुळीच नव्हे. १८६५ साली फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी लॅटिन नाणेसंघाचा करार केला; त्यानुसार हे नाणे २५ ग्रॅम वजनाचे, ३७ मिलिमीटर व्यासाचे आणि हजारी ९०० कसाचे (म्हणजे हजार भागांत ९०० भाग शुद्ध चांदी) ठरले, त्यामुळे ते चारही देशांच्या सरकारी तिजोऱ्यांत स्वीकारले जाई. चित्र आणि मजकूर ज्याचा त्याचा. इटलीच्या नाण्याची कड पाहा, तिच्यावर ‘फेर्ट’ (FERT, इटलीच्या सॅव्हॉय राजघराण्याचे ब्रीद) ही अक्षरे सापडतील.

प्रतिसाद २: पुरवणी जोडतो. चांदीचा भाव घसरल्यावर स्वस्त चांदी टांकसाळीत देऊन, तिची पूर्ण दर्शनी किमतीची नाणी पाडून घेऊन नफा कमावणे सोपे झाले, म्हणून १८७४ मध्ये या नाण्यांच्या पाडणीवर मर्यादा आली. संघ मात्र कागदोपत्री १९२७ पर्यंत रेंगाळला.