जिप्सीच्या पुढच्या डिफमधून ऑइल गळतंय, पिनियन सील दोनदा बदलून झाली, सल्ला हवाय (मुंबई)

मुलुंडची_जिप्सी

नमस्कार मंडळी, गाडी 2004ची मारुती जिप्सी किंग (फोर बाय फोर), बाबांनी हौसेने घेतलेली, आता माझ्याकडे आहे आणि विकायची अजिबात नाहीये, ग्रीन टॅक्स भरून आरसी रिन्यू केलेली आहे, इंजिन मस्त चालतं. त्रास एकच, पुढच्या डिफचा (डिफरन्शियल, ॲक्सलमधला चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच). स्टिल्टखाली (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) उभी असते आणि सकाळी पेव्हर ब्लॉकवर दोन डाग, एक मधोमध, दुसरा डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, दहा रुपयांच्या नाण्याएवढे. सोसायटीची चिठ्ठी आलीच आहे.

मागच्या दिवाळीत जवळच्या गॅरेजमध्ये पिनियनची (शाफ्टकडून डिफमध्ये फिरकी आणणारा छोटा गिअर) सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, बदलली, गणपतीच्या आधी परत ओलं, परत बदलली, आता पंधरा दिवसांत तेच. गॅरेजवाला म्हणतोय पूर्ण हाऊसिंग (डिफचं बाहेरचं कवच) खोला, नवीन क्राऊन पिनियन (आतल्या मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी) टाका. खर्चाला ना नाही पण आधी दोन वेळा म्हटला "झालं काम" आणि झालं नव्हतं, म्हणून इथे विचारतोय. जुलैत वाडा खोडाळा साईडला गेलो होतो तेव्हा एका ओढ्यात हब (चाकाचा मधला भाग) बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी काढली होती, त्याचा काही संबंध असेल का? आणि मुंबईत जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलचं काम नीट कोण करतं, पार्ट्स कुठे बघू?

ग्रीस_आणि_घाट

दादा, क्राऊन पिनियन विकत घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. दोनदा सील बदलून पण तेच होतंय म्हणजे एकतर सील ज्यावर घासते ती फ्लँज (पिनियनला शाफ्ट जोडणारी चकती) खराब आहे, किंवा आतून प्रेशर येतंय, किंवा मुळात ते ऑइल डिफचं नाहीच. तिसरी शक्यता लोक तपासतच नाहीत आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा तीच निघालीय. पुढचा ॲक्सल इंजिनच्या खाली आहे, वरून ऑइल पॅनच्या (इंजिनखालची ऑइलची परात) पॅकिंगमधून नाहीतर क्रँकच्या पुढच्या सीलमधून थेंब सुटला की वाऱ्याने मागे जातो, हाऊसिंगवर पसरतो आणि सगळ्यात खालच्या टोकाला लटकतो, ते टोक बहुतेक डिफचंच असतं. खाली वाकून बघणाऱ्याला डिफ गळताना दिसतं.

आधी वास घ्या. खरंच सांगतोय, बोटावर घेऊन. गिअर ऑइलला गंधकाचा वास असतो, सडक्या लसणासारखा, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइल काळं पडलेलं असतं आणि त्याला जळका पेट्रोलचा वास. टिश्यू पेपरवर दोन्हीचे थेंब शेजारी शेजारी टाका, मधाच्या रंगाचं चिकट ते गिअर ऑइल. आणि स्टिअरिंग बॉक्समध्ये पण गिअर ऑइलच असतं हे लक्षात ठेवा, तो ओला असेल तर वास फसवतो.

मग हे सांगा, फ्री व्हील हब (चाक पुढच्या शाफ्टपासून सोडता किंवा लॉक करता येतं ते) आहेत का सरळ फ्लँज (कायम जोडलेल्या) लावलेत? हब फ्री ठेवून टू व्हीलमध्ये चालवत असाल तर पुढचा शाफ्ट, पिनियन, क्राऊन सगळं थांबलेलं असतं. डिफ गरम होत नाही, ऑइल उडत नाही. खराब पिनियन सील फिरताना ऑइल गोल फेकते, वर फ्लोअरच्या पत्र्यावर शिंतोड्यांची रेघ उमटते. हब फ्री असताना रोज डाग पडत असेल आणि वर शिंतोडे नसतील तर पिनियनवर माझा संशय खूप कमी.

खोपोलीकर_ताई

माझ्या गाडीला अगदी असंच झालं होतं, कारण ब्रीदर निघालं. ॲक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी असते, चिखलाने ती जाम झाली की डिफ गरम झाल्यावर आतल्या हवेला बाहेर पडायला जागा नाही, मग ती सीलमधून ऑइल ढकलते. आणि तुम्ही पाण्याचं लिहिलंय ना, ते उलटं होतं, गरम हाऊसिंग एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. फिलरमधून (डिफमध्ये ऑइल भरायचं भोक) ऑइल थोडं काढून बघा, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला, तसंच चालवलं तर बेअरिंगला गंज धरतो. मी ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर इंजिन बेमध्ये नेली, तीन पावसाळे झाले, एक थेंब नाही.

सीएसटी_रोड_स्पेअर

पार्ट्ससाठी ऑपेरा हाऊसला आधी जा, तिथे सील, बेअरिंग, नमद्यासकट (फेल्टची रिंग) नकलचा (पुढचं चाक वळतं तो सांधा) किट मिळून जातो. आमच्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने हाऊसिंग, फ्लँज वगैरे. जुनी सील सोबत न्या, नंबर अंगावरच असतो, आणि नव्याची स्प्रिंग बघून घ्या, स्वस्त सीलची स्प्रिंग ढिली असते.

मुलुंडची_जिप्सी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. हब मॅन्युअल आहेत आणि मुंबईत कायम फ्रीच असतात, जुलैनंतर लॉक केलेच नाहीत. वर फ्लोअरला शिंतोडे नाहीत. ब्रीदरची टोपी चिखलाने पार घट्ट, पक्कडीने हलवल्यावर फिरली. मधल्या डागाचा वास जळका आहे आणि रंग काळा, डाव्या चाकाकडचा मात्र तुम्ही म्हणता तसा लसणासारखा आणि त्यात काळे ग्रीसचे कण. म्हणजे दोन वेगळी लिकेज?

ग्रीस_आणि_घाट

हो, दोन वेगळी, आणि पिनियन बिचारा दोन्हीत नाही असं वाटतंय. पण अजून खात्री करू. रविवारी सकाळी गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, पुढून उचलून दोन्हीकडे स्टँड द्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, कितीही घाई असली तरी. ऑइल पॅनपासून डिफपर्यंत सगळं डिझेल आणि ब्रशने धुवा, फडक्याने कोरडं करा, वरून टाल्कम पावडर मारा. गाडी खाली घेऊन वीस पंचवीस किलोमीटर चालवा, रात्री खाली मोठा पुठ्ठा अंथरा. पावडरवर ओघळ कुठून सुरू झाला ते अगदी रेघ मारल्यासारखं दिसतं, आणि बघायचं ते ओघळाचं वरचं टोक, खालचं नाही.

लेव्हल बघताना गाडी चारही चाकांवर सपाट हवी, आणि आधी फिलरचा बोल्ट सुटतो का बघा, तो सुटला तरच ड्रेनला (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला) हात लावा, नाहीतर रिकामं डिफ आणि न सुटणारा फिलर घेऊन बसाल. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं. जास्त भरलं तरी सीलवर ताण येतो. ऑइल ऐंशी डब्ल्यू नव्वद, जीएल पाच (80W-90, GL-5) ग्रेडचं.

डाव्या बाजूचं असं आहे की ॲक्सलच्या नळीच्या टोकाला आत एक ऑइल सील असते, तिच्या पलीकडे गोळा, म्हणजे नकल, त्यात फक्त ग्रीस असायला हवं. आतली सील गेली की गिअर ऑइल गोळ्यात शिरतं, ग्रीस पातळ होऊन काळं सूप होतं आणि बाहेरच्या नमद्यातून झिरपतं. लोक बाहेरचा नमदा बदलतात आणि सहा महिन्यांत परत तेच, कारण सूप आतून येतच राहतं. तुमच्या पार्किंगला डावीकडे उतार आहे का? असेल तर रात्रभर ऑइल त्या नळीत साचतं, एकदा उलटी उभी करून बघा, डाग कमी झाला तर आतल्या सीलबद्दल शंकाच नको. आणि डाव्या चाकाची डिस्क आणि पॅड आजच्या आज बघा. तिथे ऑइल गेलं तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल, तसं असेल तर पॅड पुसून चालवू नका, नवीनच टाका.

पिनियनचं एवढंच करा, फ्लँज हातात धरून वर खाली हलवा. कटकट लागली तर बेअरिंग, नाही लागली तर गॅरेजवाल्याला परत खोलू देऊ नका. प्रत्येक वेळी नट सोडताना आतल्या चुरगळणाऱ्या स्पेसरचा (बेअरिंगवरचा ताण ठरवणारी नळी) विचार करावा लागतो, नट आवळायच्या बंदुकीने दणादण आवळला की बेअरिंगवर जास्तीचा ताण बसतो. नट सोडायच्या आधी नट आणि शाफ्टवर पंचने खूण करून परत तिथेच आणायचा असतो, तुमच्याकडे दोनदा खोललंय, खूण केली होती का विचारा.

मुलुंडची_जिप्सी

मंडळी, अपडेट. टाल्कम मारली, गोरेगाव मुलुंड लिंक रोडने जाऊन आलो, पुठ्ठा टाकला. मधला ओघळ ऑइल पॅनच्या मागच्या कोपऱ्यातून सुरू होतोय, तिथून हाऊसिंगवर, तिथून खाली. पिनियनच्या फ्लँजभोवतीची पावडर तशीच पांढरी, कोरडी. हलवून बघितलं, अजिबात प्ले (ढिलेपणा) नाही. पॅनचे तीन बोल्ट तर हातानेच फिरत होते, आता आवळलेत, पॅकिंग पुढच्या ऑइल चेंजला बदलतो. चार दिवस झाले, मधे डाग नाही. वॉचमनकाकांनीच आज सकाळी विचारलं, गाडी हलवलीत का म्हणून.

डिफची लेव्हल बोटाच्या एका पेराएवढी खाली होती, ऑइल मधाच्या रंगाचं, पाणी नाही, तेवढं भरलं. पार्किंगला डावीकडे थोडा उतार आहेच, उलटी उभी केल्यावर डाव्या चाकाकडचा डाग निम्म्यावर आला. डिस्क कोरडी आहे, बघितली. गॅरेजवाल्याला खुणेचं विचारलं तर म्हणाला अंदाजाने आवळला.

ऑपेरा हाऊसवरून नकलचा किट आणि आतली सील आणली, पुढच्या रविवारी डावी बाजू उघडतोय. एकच विचारायचंय, किंग पिनच्या (नकल ज्यांवर वळतो त्या पिना) बेअरिंग पण आत्ताच बदलू का? आणि उजवी बाजू कोरडी आहे, तिला हात लावू का नको?

ग्रीस_आणि_घाट

बेअरिंग काढून डिझेलने धुवा, रोलरवर आणि कपवर नख फिरवा, खड्डे लागले तर बदला, गुळगुळीत असतील तर ग्रीस भरून परत बसवा, पण किंग पिनच्या शिम (पातळ चकत्या) ज्या जागेच्या त्या जागेलाच जाऊ द्या, वरच्या खालच्या वेगळ्या डब्यात ठेवा. नवीन सील बसवताना तिच्या ओठाचं (आतल्या रबरी कडेचं) तोंड डिफकडे, ओठावर ग्रीसचं बोट फिरवा, आणि शाफ्ट आत सरकवताना अलगद, त्याच्या दात्यांनी ओठ कापला की सगळी मेहनत पाण्यात. शाफ्टवर सील घासते तिथे खाच पडलीय का ते पण नखाने बघा.

उजवी कोरडी आहे ना, राहू दे. मी रविवारी भांडुपलाच आहे, दहानंतर येऊ शकतो, ओठ बसवताना दुसरा हात लागतो.