छोट्या विमानतळांचं अनुदान: आधी धावपट्टी की आधी तिकीट?

होटगीकर

१५ जून २०२३ ला, विमानांच्या वाटेत येते म्हणून सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा मी होटगी रस्त्याजवळ नातेवाइकांच्या गच्चीवर होतो. नव्वद मीटरच्या वरची चिमणी. स्फोटाचा आवाज आला, ती एका अंगाला कलली आणि बघता बघता धुरळाच धुरळा. गच्चीवर कुणी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या घरचे काका कारखान्याचे सभासद, ते काही न बोलता खाली उतरून गेले. सोलापूरला विमान यावं म्हणून एवढी मोठी किंमत मोजली गेली, म्हणून पुढच्या पैशाबद्दल बोलायचं आहे.

९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या 'उडान' योजनेत विमान कंपनीची तूट केंद्र ८० आणि राज्य २० टक्के भरतं. सोलापूर-पुणे-मुंबईसाठी राज्याने शंभर टक्के तूट भरायचं ठरवलं. आनंद आहेच. पण सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल वाचा. 'उडान'च्या मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी अनुदानाची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. मार्च २०२३ मध्ये त्यातलेही फक्त ५४ चालू होते.

तिकिटावर दिलेला पैसा विमानाबरोबर उडून जातो. जमिनीत घातलेला राहतो. म्हणून माझं मत: सरकारी अनुदान आधी धावपट्टी, तिच्या दोन्ही टोकांची मोकळी सुरक्षित जागा, अग्निशमन, कुंपण आणि कमी दृश्यमानतेत उतरायची यंत्रणा यांवर खर्च व्हावं. तिकिटाचा नंबर त्यानंतर.

चिपीकर

साफ असहमत. आमच्या सिंधुदुर्गाकडे बघा. चिपीला अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे, टर्मिनल चकाचक आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं, मुंबईचं विमान सुरू झालं. २०२४ मध्ये 'उडान'ची तीन वर्षं संपली आणि मुंबईची फेरी बंद पडली. धावपट्टी होती तिथेच आहे! तुमचं 'जमिनीत घातलेलं राहतं' हे खरंच, पण राहून आमच्या काय कामाचं? माझ्या आईची तपासणी दर तीन महिन्यांनी मुंबईला असते. विमान होतं तेव्हा सकाळी निघून दुपारी डॉक्टरांसमोर असायचो. आता रात्रभर गाडीत बसते, गुडघे सुजतात. तिला धावपट्टीच्या टोकाला किती मीटर जागा आहे याच्याशी काय देणंघेणं?

आणि सोलापूर काही केरळातल्या करिपूर किंवा कर्नाटकातल्या मंगळूरसारखं डोंगरमाथ्यावर नाही, की विमान घसरलं तर थेट दरीत. दरीची भीती दाखवून सेवा मागे ढकलू नका.

लालपरी

दोघांनाही माझा विरोध. सोलापूर-मुंबई वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून धावते, साडेसहा तासांत पोचवते. एका गाडीत हजाराच्या वर माणसं बसतात, एटीआरसारख्या छोट्या विमानात सत्तर-पंच्याहत्तर. अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या गावांना संध्याकाळची एसटी वेळेवर मिळत नाही. दहावीच्या मुली शाळा सुटल्यावर फाट्यावर अंधार पडेपर्यंत उभ्या असतात, हे मी रोज बघते. त्यांच्या घरच्यांनी भरलेल्या करातून विमानाची तूट कशासाठी?

होटगीकर

लालपरी, फाट्यावरच्या मुलींचं म्हणणं मनापासून मान्य. फक्त हिशेब थोडा वेगळा आहे. 'उडान'मध्ये तूट भरायला मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावला, म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी त्यातलं बरंचसं भरतो. पण बंद पडलेले विमानतळ उभे करायला ठेवलेले ४,५०० कोटी सरकारी तिजोरीतले आणि राज्याचा वाटाही आपलाच. तिथे तुमचा प्रश्न लागू पडतो.

चिपीकर, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण सपाट जमीन म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका. दक्षिण कोरियातला मुआन विमानतळ डोंगरावर नाही. २९ डिसेंबर २०२४ ला तिथे विमान चाकं न उघडता उतरलं, धावपट्टी संपल्यावर पुढे घसरत गेलं आणि दिशादर्शक अँटेनासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या उंचवट्यावर आदळलं. १७९ माणसं गेली. तो उंचवटा कुणीतरी आखला होता, कुणीतरी मंजूर केला होता. धावपट्टीच्या पुढे किमान ९० मीटर आणि शक्यतो २४० मीटर मोकळी जागा ठेवा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं ते उगाच नाही.

आणि सेवेचंच म्हणाल तर नुसतं डोळ्यांनी बघून उतरायचं असेल तर ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. श्रावणात तुमच्याकडे किती दिवस तेवढं दिसतं? यंत्रणा नसली की फेरी रद्द. चार वेळा रद्द झाली की माणूस पुन्हा गाडीकडे वळतो. सुरक्षेची यंत्रणा आणि सेवा या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

ओहायोतून

इथली पद्धत सांगते, वादाला उपयोग होईल. अमेरिकेत या दोन गोष्टींचे खिसेच वेगळे आहेत. धावपट्टी, दिवे, कुंपण यांसाठी १९८२ पासून केंद्राची विमानतळ सुधारणा योजना आहे. पैसा मुख्यतः तिकिटावरच्या करातून आणि विमानाच्या इंधनावरच्या करातून येतो. छोट्या विमानतळाला खर्चाच्या ९० ते ९५ टक्के मिळतात, उरलेले गावाने किंवा राज्याने घालायचे. पण पैसा घेतला की अटी बांधून घेतात: विमानतळ साधारण वीस वर्षं चालू ठेवायचा, सगळ्यांना खुला ठेवायचा. आमच्या काउंटीच्या विमानतळावर एकही प्रवासी विमान येत नाही. शिकाऊ वैमानिक आणि रुग्णवाहिकेची विमानं, बस्स. तरी धावपट्टीच्या भेगा दर उन्हाळ्यात बुजवतात.

तिकिटाची तूट भरायची योजना निराळी. १९७८ ला विमानसेवा सरकारी बंधनांतून खुली केली तेव्हा छोटी गावं तुटू नयेत म्हणून दहा वर्षांसाठी आणली. ती अजून चालू आहे.

चिपीकर

बघा, म्हणजे श्रीमंत देशालाही दहा वर्षांत जमलं नाही! मग आमच्याकडे तीनच वर्षांची मुदत का? माझं म्हणणं एवढंच आहे. पावसाळ्याचा मुद्दा पटला, आमच्याकडे ढग उतरले की समोरचा माड दिसत नाही. यंत्रणा घाला. पण यंत्रणा येईपर्यंत विमान थांबवू नका, आणि मुदत संपली म्हणून एका दिवसात तोडू नका.

लालपरी

ओहायोतली वीस वर्षांची अट आवडली. पैसा घेणाऱ्याने काय द्यायचं ते लिहून घ्या. माझा विरोध कायम आहे, पण खर्च होणारच असेल तर अटींसह व्हावा.

आसरा चौक

एक मुद्दा कुणीच काढला नाही. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला कायद्याने बंदी आहे, कारण पक्षी. सोलापुरात आमच्या भागातल्या मोकळ्या जागेत रोज सकाळी चिकनच्या दुकानांचे पिसं-आतड्यांनी भरलेले काळे कट्टे येऊन पडतात. साडेसात-आठला घारी गोल फिरायला लागतात, मी एकदा गॅलरीतून मोजल्या तर तीसच्या वर होत्या. एक घार इंजिनात गेली तर धावपट्टीच्या पुढच्या २४० मीटरचा काय उपयोग? संक्रांतीच्या आसपास मांजा असतो तो वेगळाच. याला कोट्यवधी लागत नाहीत. बंद झाकणाची गाडी, वेळेवर फेरी आणि दुकानदारांना दंड.

होटगीकर

हे माझ्या यादीत नव्हतं आणि पहिलं असायला हवं होतं. अनुदानाच्या अटींत हेच घाला: दहा किलोमीटरच्या आतला कचरा बंद झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. चिपीकर, तुमची मुदतीची मागणीही त्याच कागदावर येऊ द्या, मी माझा 'तिकीट नंतर'चा हट्ट तेवढ्यापुरता मागे घेतो. आसरा चौक, ती जागा नेमकी कुठली ते कळवा. रविवारी सकाळी सातला मी येतो, फोटो काढू आणि दोघांच्या सहीने अर्ज देऊ.