मॅजिक: हेलिक्सचं टार्गेट निसटलं, मग माझे ३ लाइफ कुठे गेले?

अर्धा_अनटॅप
मॅजिक द गॅदरिंग या कार्ड गेममधली ही परिस्थिती बघा. मी लाइटनिंग हेलिक्स टाकलं: एक लाल, एक पांढरा मॅना (स्पेल टाकायला खर्चायची शक्ती), कुठल्याही टार्गेटला ३ डॅमेज आणि मला ३ लाइफ. टार्गेट म्हणजे समोरच्याचं २/२ (ताकद २, टफनेस २) क्रीचर ग्रिझली बेअर्स, थोडक्यात अस्वल. त्याने उत्तरादाखल क्लाउडशिफ्ट टाकलं, अस्वल एक्झाइल (टेबलाबाहेर) होऊन लगेच परत आलं. हेलिक्स फिझल, म्हणजे वाया.

१) अस्वल टेबलावरच आहे, कार्डही तेच. मग टार्गेट चुकीचं कसं ठरलं?
२) डॅमेज गेलं ते ठीक, पण लाइफ मला मिळणार होतं. त्याचा अस्वलाशी काय संबंध?
३) त्याने क्लाउडशिफ्टऐवजी जायंट ग्रोथ (टर्न संपेपर्यंत +३/+३) टाकलं असतं आणि माझ्या हातात एक लाइटनिंग बोल्टही (एका लाल मॅनात ३ डॅमेज) असता, तर तो नेमका कधी टाकायचा?

उतरंड
टाकलेली स्पेल अमलात येईपर्यंत स्टॅकवर थांबतात. स्टॅक म्हणजे मडक्यांची उतरंड. शेवटी ठेवलेलं मडकं आधी निघतं. तुमचं हेलिक्स खाली, क्लाउडशिफ्ट वर. क्लाउडशिफ्ट आधी रिझॉल्व्ह झालं, म्हणजे अमलात आलं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कार्डाने झोन (टेबल, हात, एक्झाइल अशी जागा) बदलला की खेळाच्या दृष्टीने ती नवीन वस्तू होते. जुन्या अस्वलाशी तिचं नातं उरत नाही. म्हणून त्यावर लावलेले ऑरा (चिकटवलेली जादूची कार्डं) गळतात, +१/+१ काउंटर (वाढीच्या खुणा) जातात आणि स्टॅकवरच्या स्पेलचं टार्गेटही हरवतं. नियम ४००.७.

दुसरं. टार्गेट दोनदा तपासलं जातं. स्पेल टाकताना क्रम असा: कार्ड स्टॅकवर, मोड निवडा, टार्गेट सांगा, डॅमेज वाटायचं असेल तर तिथेच वाटणी करा, मग एकूण कॉस्ट ठरवा, मॅना काढा, भरा. हे सगळं होईपर्यंत कोणालाही मध्ये घुसता येत नाही. ‘तू लँड टॅप केलंस (मॅना काढलास), थांब, मी आधी टाकतो’ हे चालत नाही. कॉस्ट भरून झाली की प्रायॉरिटी (पुढे काही टाकायचा हक्क) आधी टाकणाऱ्याकडे असते. दोघांनी लागोपाठ पास केलं की सगळ्यात वरचं एकच रिझॉल्व्ह होतं.

दुसरी तपासणी रिझॉल्व्ह होताना, नियम ६०८.२बी. सगळी टार्गेट बेकायदेशीर असतील तर स्पेल रिझॉल्व्हच होत नाही, थेट ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात). कार्डावरचा एक शब्दही अमलात येत नाही, ‘तुम्हाला ३ लाइफ’ हाही. हेलिक्सला टार्गेट एकच, ते गेलं म्हणजे सगळंच गेलं.

इलेक्ट्रोलाइझशी तुलना करा: २ डॅमेज एक किंवा दोन टार्गेटमध्ये वाटा, एक कार्ड ड्रॉ करा. दोन क्रीचरना १-१ वाटलं आणि त्यातलं एक निसटलं, तरी दुसऱ्याला १ डॅमेज बसतं आणि कार्डही मिळतं. निसटलेल्याचा १ मात्र दुसरीकडे वळवता येत नाही, वाटणी टाकतानाच पक्की झालेली असते. म्हणूनच जाणकार खेळाडू शक्य असेल तिथे दुसरं टार्गेट धरून ठेवतात, अगदी समोरच्याचं डोकं का असेना.

लाल_एक_मॅना
तिसऱ्याचं उत्तर मी देतो, कारण इथे बहुतेक जण घाई करून लाइफ घालवतात.

स्टॅक असा: खाली हेलिक्स, वर जायंट ग्रोथ. मोह होतो की ग्रोथ लागायच्या आत, अस्वल २/२ असतानाच बोल्ट टाकावा. टाकलात तर बोल्ट वरती, आधी रिझॉल्व्ह, अस्वल मेलं. पण मग ग्रोथचं टार्गेट गेलं आणि तुमच्या स्वतःच्या हेलिक्सचंही. दोन्ही फिझल. अस्वल मारलंत, ३ लाइफ स्वतःच्या हाताने सोडले.

त्यापेक्षा ग्रोथ लागू द्या. अस्वल ५/५. हेलिक्स रिझॉल्व्ह होऊ द्या: ३ डॅमेज, तुम्हाला ३ लाइफ. मग त्याच टर्नमध्ये बोल्ट. एकूण ६ डॅमेज, टफनेस ५, अस्वल मेलं आणि लाइफही खिशात.

त्याच्याकडे दुसरी ग्रोथ आणि तिच्यासाठी हिरवा मॅना असला तर? मग दोन्ही मार्गांत अस्वल ८/८ होतं, ६ डॅमेज खाऊन जगतं. म्हणजे घाई केल्याने तिथेही काही मिळत नाही. त्याने बोल्टवर क्लाउडशिफ्ट काढलं तर फरक आणखी ठळक: थांबलात तर लाइफ आधीच मिळालेलं असतं, घाई केलीत तर बोल्ट आणि हेलिक्स दोन्ही पाण्यात.

एकच पथ्य: बोल्ट पुढच्या टर्नवर ढकलू नका. टर्नच्या शेवटी क्लीनअपमध्ये डॅमेज आणि ‘टर्न संपेपर्यंत’चे परिणाम एकाच वेळी पुसले जातात. ग्रोथ उतरली म्हणून ३ डॅमेज खाल्लेलं २/२ अस्वल मरेल, असं होत नाही.

अर्धा_अनटॅप
हे डोक्यात आलं नव्हतं. मग हेक्सप्रूफवाल्या क्रीचरचं काय करायचं? त्याला तर टार्गेटच करता येत नाही.

उतरंड
कार्डावर ‘टार्गेट’ हा शब्द कोणाच्या मागे लागलाय ते वाचा. ऑरा स्पेल आणि इक्विप, एन्चांटसारखे काही कीवर्ड सोडले तर शब्द नाही म्हणजे टार्गेट नाही. रॅथ ऑफ गॉड सगळी क्रीचर मारतं, कोणालाच टार्गेट करत नाही. डायबॉलिक एडिक्ट खेळाडूला टार्गेट करतं, क्रीचर तो स्वतः निवडून सॅक्रिफाइस करतो. त्याच्याकडे ते एकच क्रीचर असेल तर हेक्सप्रूफ काही कामाचं नाही. मात्र शेजारी एखादा १/१ टोकन असला की तो टोकनच देणार. क्लोनसुद्धा टार्गेट करत नाही, तो येताना निवड करतो, त्यामुळे हेक्सप्रूफ क्रीचरची नक्कल बिनधास्त होते.

वॉर्ड, म्हणजे टार्गेट केल्याबद्दल जादा किंमत मागणारा कीवर्ड, वेगळा. तिथे टार्गेट करता येतं, पण केल्याबरोबर ट्रिगर होतो आणि तुमच्या स्पेलच्या वर बसतो. वॉर्ड २ असेल तर बोल्टसाठी एकूण ३ मॅना हवेत. २ भरले नाहीत तर बोल्ट काउंटर, म्हणजे रद्द.

पॉट_फुटला
यु-गी-ओह या दुसऱ्या कार्ड गेममधून येणाऱ्यांनी सावध. आमच्या चेनमध्ये (तुमच्या स्टॅकसारखीच) रिझॉल्व्ह सुरू झालं की मध्ये कोणी काही टाकू शकत नाही. मॅजिकमध्ये प्रत्येक पायरीनंतर पुन्हा प्रायॉरिटी मिळते, वर बोल्टला जी फट मिळाली ती आमच्याकडे नाही. आणि पॉट ऑफ डिझायर्सवर मिस्टिकल स्पेस टायफून चेन केलं तर पॉट फुटतो, पण २ कार्डं ड्रॉ होतातच. नष्ट करणं म्हणजे निगेट (परिणाम रद्द) करणं नव्हे.

लाल_एक_मॅना
त्याचा भाऊ मॅजिकमध्येही आहे. प्रॉडिगल सॉर्सररने टॅप होऊन १ डॅमेजची अ‍ॅबिलिटी स्टॅकवर टाकली, तुम्ही उत्तरादाखल त्याला मारलं, तरी तो १ डॅमेज येतोच. अ‍ॅबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की मालक मेला तरी चालते.

अरिनावर, म्हणजे मॅजिकच्या डिजिटल आवृत्तीवर, खेळत असाल तर वरचा हेलिक्स-बोल्ट प्रकार करण्याआधी फुल कंट्रोल चालू करा. नाहीतर ऑटो-पासमध्ये तुमची संधी निघून गेल्याचं नंतर कळतं.

अर्धा_अनटॅप
शेवटचं. अब्रप्ट डिके या स्पेलवर लिहिलंय, ‘काउंटर होऊ शकत नाही’. मग ते फिझलही होणार नाही ना?

उतरंड
होतं. फिझल म्हणजे काउंटर नव्हे, २०१८ मध्ये डॉमिनारिया हा कार्डसंच आला त्या वेळी नियमाची भाषाच बदलून ‘रिझॉल्व्ह होत नाही’ अशी केली. ते वाक्य वॉर्डपासून वाचवतं, क्लाउडशिफ्टपासून नाही.