इम्प्लांट: त्याच दिवशी दात की तीन महिने थांबायचं? (बेळगाव)

खानापूरकर
नमस्कार मंडळी. आईची (वय ६४) खालची दाढ मागेच काढली. तिथं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप, बसवायचं आहे. बेळगावात दोघा डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणतात, स्क्रू आत्ता, कॅप तीन महिन्यांनी. दुसरे म्हणतात, त्याच दिवशी दात देतो. पैसे सारखेच. आईला शुगर आहे आणि मिश्री काही सुटत नाही. कुणाकडं जावं?

टिळकवाडीची_डॉक्टर
दातांचीच डॉक्टर आहे, थोडं लांबवते. स्वीडनमध्ये १९५२ च्या सुमारास ब्रेनमार्क नावाचे संशोधक डॉक्टर सशाच्या पायातला रक्तप्रवाह बघायला हाडात टायटॅनियमची नळी बसवत. काम झाल्यावर ती निघेना, हाडानं धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवलं, ते त्याला चाळीस वर्षं पुरलं.

बसवल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो नुसत्या आट्यांच्या पकडीवर. मग शरीर भोवतीचं दुखावलेलं हाड खातं आणि नवं घालतं. जुनं गेलं, नवं कच्चं, अशी वेळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. तेव्हा दुखत नसतं, सूज उतरलेली असते, आणि पेशंट खुशाल त्याच बाजूनं भाकरी चावतो! स्क्रू ०.१५ मिलिमीटरहून जास्त हलत राहिला तर हाडाऐवजी मऊ तंतू भरतात, मग तो धरत नाही.

त्याच दिवशी दात देणं म्हणजे फसवणूक नव्हे. हाड भक्कम असेल तर पुढच्या दाताला देतात, पण चावताना वरखालच्या जोडीच्या दाताला टेकणार नाही असा. दाढेला, त्यात शुगर आणि मिश्री, मी तरी थांबेन. आधी एचबीए१सी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी. मिश्री बंदच; तंबाखू थेट हिरडीवर घासली जाते, जखम भरायची कशी?

निपाणीचा_पोरगा
मी वरची दाढ करून घेतलो. वरचं हाड भुसभुशीत म्हणून सहा महिने थांबवले. स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या, कंपनी, साइज सगळं त्यावर असतंय. पुढं कॅप सैल झाली तर दुसऱ्या डॉक्टरला तेच लागतंय. मला एका ठिकाणी दिले न्हाईत, लई भांडलो. आणि खर्च जड जात असेल तर केएलई न्हाईतर मराठा मंडळाच्या डेंटल कॉलेजात विचारा. वेळ लई जातोय, पण सर लोक बघत असतात.

खानापूरकर
आभार. थांबायचंच ठरवतो. एक राहिलं. हाडं ठिसूळ म्हणून आईला वर्षातून एकदा सलाईनमधून औषध देतात. त्याचा काही संबंध?

टिळकवाडीची_डॉक्टर
आहे की! हे पहिल्यांदा सांगायचं. बहुतेक झोलेड्रोनिक ॲसिड असणार, कागदावर नाव बघा. त्यानं हाडाची झीज थांबते, पण जबड्याची जखम क्वचित भरतच नाही, हाड उघडं राहतं. हाडांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तारीख घेऊ नका, आणि औषध आपल्या मनानं बंदही करू नका. किती वर्षं चालू आहे, शेवटचं कधी दिलं, तेवढं इथं लिहा.