प्रतिसाद: खोडलं एक, गेलं दुसरंच

टूडू डॉट टीएक्सटी म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक काम अशी यादी. तीत ‘एक काम पूर्ण केलं की पुढच्या वेळी भलतंच खोडलं जातं’ ही तक्रार मीही भोगलीय. ही यादी चालवणारी स्क्रिप्ट, ओळीचा नंबर देऊन ‘डू’ (काम झालं) ही आज्ञा दिल्याबरोबर ती ओळ डन डॉट टीएक्सटी या झालेल्या कामांच्या फाइलीत हलवते, आणि खालच्या ओळी एकेक नंबर वर सरकतात. मी आधी ३ खोडलं, मग ५. तोवर ५ वर सातपूरच्या वर्कशॉपचं बिल येऊन बसलेलं! दोन्ही नंबर एकाच ‘डू’ला द्या, नाहीतर ‘डू’च्या आधी ‘-a’ (लहान ए) लावा म्हणजे आपोआप हलवणं थांबतं.

मला खरा उपयोग @ चा, म्हणजे काम कुठं करायचं ते सांगणाऱ्या खुणेचा. ओळीत @रविवार_कारंजा लिहून ठेवतो. निघताना एक ग्रेप (तो शब्द असलेल्या ओळी शोधणारी आज्ञा) मारला की तिकडची सगळी कामं समोर. कंसात ए, बी लिहून प्राधान्य देण्याचा उत्साह मात्र आठवडाभरच टिकला. सगळंच ‘ए’ झालं हो.