आयल ऑफ मॅन टीटी २०२४ : आघाडीवर असूनही डनलॉप सुपरबाइक शर्यत का हरला?

प्रश्न (चाळीसगाव) : २०२४ च्या सुपरबाइक शर्यतीत मायकेल डनलॉप पुढे असताना पीटर हिकमन कसा जिंकला? आणि सगळे एकत्र सुटत नसतील, तर पुढे कोण, हे ठरते कसे?

उत्तर (धुळे) : भाऊ, टीटी म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरच्या मोटारसायकल शर्यती. तेथे स्वार १० सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतात आणि निकाल घड्याळावर लागतो, त्यामुळे रस्त्यावर पुढे दिसणारा वेळेत मागे असू शकतो. एक फेरी ६०.७२ किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ आपल्या धुळे-चाळीसगावएवढी, आणि तीही गावांतल्या दगडी कुंपणांना घासून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यांवरून. डनलॉपचे म्हणाल, तर पेट्रोलसाठी थांबल्यावर बदललेली हेल्मेटची काच नीट बसली नव्हती. ती सुटल्यामुळे त्याला वाटेत थांबून ती बसवावी लागली आणि हातातली शर्यत गेली. कन्नड घाटात काच वर करून गाडी चालवताना डोळ्यांत एक किडा गेला तरी काय होते, हे आपण जाणतोच. त्या वेगात थांबण्याचा त्याचा निर्णय मला पूर्ण योग्य वाटतो.

उत्तर (भुसावळ) : सुपरबाइक शर्यतीच्या आदल्याच दिवशी डनलॉपने सुपरस्पोर्ट या दुसऱ्या गटाची शर्यत जिंकून काका जोई डनलॉप यांच्या टीटीतील विक्रमी २६ विजयांशी बरोबरी केली होती. पुढे सुपरट्विन गटाची शर्यत जिंकून त्याने तो विक्रम मोडला आणि आठवडा २९ विजयांवर संपवला. सीनियर टीटी ही मुख्य शर्यत मात्र हिकमन पडल्यानंतर डेव्ही टॉडने जिंकली.