एअरगनला ५० मीटरसाठी स्कोप सुचवा, बजेट १० हजार

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे .१७७ ची (साडेचार मिमी छर्रा) स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल एअरगन आहे, नळी मोडून छर्रा भरायची, साध्या लोखंडी साइटवर २० मीटरला कागद बरा लागतो, आता ५० ला जायचंय. देवगडला घरामागे सडा (कातळाचं पठार) आहे, चिऱ्याचा जुना गडगा (दगडी कुंपण) आहे त्यालाच टार्गेट लावतो. बजेट १० हजार, माउंट (गनवर स्कोप बसवायची पकड) धरून. ऑनलाइन ६-२४×५० वाला (६ ते २४ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ५० मिमी) दोन-अडीच हजारात पण दिसतोय वर लाल-हिरवा लाइट, मग लोक जास्त पैसे का घालवतात? मला चष्मा आहे, मायनस दोन. आणि इथला पावसाळा माहितीच आहे, चपलेला पण बुरशी येते.

मालवणी_झिल
मेल्या, छर्रो खंय लागता ता आधी बघ, मगे दुर्बीण लाव 😀
गंमत सोड, पण गडग्यावर सरळ मारू नकोस, छर्रा चिऱ्यावरून उलटा येतो. पुढ्यात वाळूची गोणी ठेव.

तात्या_रत्नागिरी
तो २४ वाला घेऊ नकोस. स्प्रिंगच्या गनला दुहेरी झटका असतो, पिस्टन पुढे जाताना गन मागे येते आणि पिस्टन टोकाला थांबला की गन पुढे ओढली जाते. साधे स्कोप मागच्या धक्क्याचा विचार करून बनवलेले असतात, पुढच्या झटक्याने आतली भिंग सैल होतात नाहीतर क्रॉस (नेम धरायची अधिकसारखी खूण) फिरतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा असाच स्वस्तातला, नाव घेत नाही, छर्र्यांच्या दुसऱ्या डब्यातच गेला, क्रॉस तिरका होऊन बसला आणि विकणारा म्हणे तुम्ही पाडला असेल. तेव्हा स्कोपच्या खोक्यावर एअरगन रेटेड, स्प्रिंगर रेटेड असं काहीतरी पाहिजेच, पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेची गन) असती तर ही कटकट नव्हती.

दुसरं म्हणजे एओ, अंतराप्रमाणे भिंग जुळवायची सोय. पुढच्या भिंगापाशी फिरवायची रिंग असते, किंवा बाजूला नॉब. मोठ्या रायफलचे स्कोप बहुतेक १०० यार्डाला फिक्स असतात, २०-२५ मीटरला त्यातून बघितलंस आणि डोळा जरा हलवलास की क्रॉस टार्गेटवर इकडेतिकडे सरकतो. एओ १० यार्डापर्यंत खाली येतो का ते बघ, बाकी लाइट-बिइट सगळी शोभा.

पॉवर ३-९×४० किंवा ४-१२×४० पुरे. ४० भागिले ९ म्हणजे साडेचार मिमीच्या आसपास उजेडाचं वर्तुळ डोळ्यात येतं, १६ वर नेलं की अडीच मिमी, संध्याकाळी काळोखच. शिवाय सड्यावर अकरानंतर कातळ तापला की जास्त पॉवरला टार्गेट नुसतं पोहायला लागतं.

नावं हवी तर डिस्कव्हरीच्या व्हीटी-आर मालिकेतला एओवाला बघ, बजेटमध्ये बसावा. हॉक व्हँटेज ३-९×४० एओ त्याहून चांगला पण नवा तुझ्या बजेटबाहेर जाईल, ओळखीत जुना निघाला तर सोडू नकोस.

बागायतदार
मध्येच विचारतो, आमच्या कलमांत वानरांनी उच्छाद मांडलाय, असा स्कोप लावून लांबून एकेक छर्रा दिला तर चालेल काय? नुसतं घाबरवायला.

तात्या_रत्नागिरी
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात नुसती इजा केली तरी शिकारच धरतात. आणि छर्रा आत राहिला की ते जनावर कुजून मरतं. नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज कर. इथे कागदाचंच बोलू.

नेमबाज_चिपळूण
सड्यावरचा, पुढेमागे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर स्कोपवर फार जीव लावू नकोस. १० मीटर एअर रायफल असो की ५० मीटर थ्री पोझिशन, दुर्बीण चालत नाही, पीप साइट (बिनभिंगाची, बारीक भोकातून बघायची) असते. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ब्राँझ घेतलं ते ५० मीटरला, बिनस्कोपचं. (ती .२२, तिला लायसन लागतं. आपली .१७७ वीस जूलच्या आत असली की लागत नाही.)

सड्यावरचा
स्पर्धा नको, मजेसाठीच. पण ५० ला छर्रा किती पडेल?

तात्या_रत्नागिरी
२५ मीटरला झिरो केलास (क्रॉस धरशील तिथेच छर्रा लागेल असं जुळवलंस) तर साधारण सेकंदाला ७०० फूट वेगाच्या गनला ५० ला १५-२० सेंटीमीटर खाली लागेल. स्कोपचा नॉब क्लिकक्लिक फिरतो, पाव एमओएचा (एमओए हे कोनाचं माप) एक क्लिक ५० मीटरला साडेतीन मिमीच्या आसपास, म्हणजे चाळीस ते पंचावन्न क्लिक. रोज एवढं फिरवत बसण्यापेक्षा मिलडॉट (क्रॉसवरचे ठिपके) वापर, ५० मीटरला एक डॉट म्हणजे ५ सेंमी, तीन-चार डॉट वर धरायचं. फक्त एक ध्यानात ठेव, स्वस्त स्कोपमध्ये डॉटचा हिशेब एकाच पॉवरला बरोबर असतो, कुठल्या ते कागदावर लिहिलेलं असतं. झूम बदललास की हिशेब बदलला.

आणि खारे वारे सुटायच्या आत मार. दुपारनंतर समुद्राकडून वारा आला की .१७७ चा हलका छर्रा कुठल्याकुठे जातो आणि माणूस स्कोपला शिव्या घालतो. सकाळी मतलई पडता पडता अर्धा-पाऊण तास मिळतो तोच खरा. स्प्रिंगची गन आवळून धरू नकोस, हलक्या हातावर ठेव.

फोटोवाली_गुहागर
बुरशीचं मी सांगते, मी कॅमेऱ्यावाली पण भिंग ते भिंगच. नायट्रोजन भरलेला सीलबंद स्कोप घ्या म्हणजे आतून वाफ धरत नाही, पण बाहेरून बुरशी येतेच. चामड्याच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये अजिबात ठेवायचा नाही, ते ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात निळी सिलिका जेल, गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतायची, पुन्हा निळी होते. गनवरून काढायचा नसेल तर कपाटात झिरोचा बल्ब, आमच्याकडे जून ते ऑक्टोबर चालूच असतो. माउंटच्या स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, नाहीतर खाऱ्या हवेने ते असे धरतात की ॲलन की घसरते.

सड्यावरचा
मस्त. चष्म्याचं काय? आणि माउंट कुठला?

तात्या_रत्नागिरी
चष्मा घालूनच मार, डोळ्यालाही संरक्षण. डोळ्याकडची मागची रिंग पांढऱ्या भिंतीकडे बघून फिरव, क्रॉस काळा कुळकुळीत दिसला की सोड. सारखं बघत राहिलास तर डोळा स्वतःच जुळवून घेतो, तेव्हा एक नजर टाक, बाजूला बघ, परत टाक.

माउंटवर हजार-दीड हजार घालवच. एकसंध घे, खाली स्टॉप पिन असलेला, सुट्या दोन रिंगा झटक्याने मागे सरकतात. तुझ्या गनची खाच बहुतेक ११ मिमीची असेल, मोजून घे. क्रॉस उभा करायला गवंड्याचा ओळंबा आण, समोर २० मीटरवर लटकव आणि त्या दोरीला जुळव. स्क्रू एकदम पिळू नकोस, आलटून पालटून थोडे थोडे.

सड्यावरचा
ओळंबा घरातच आहे. उंची मीडियम की हाय?

तात्या_रत्नागिरी
४० च्या भिंगाला मीडियम. जास्त उंच घेतलास तर गाल लाकडावर टेकत नाही. बॅरल तोडून छर्रा भरताना हात स्कोपला लागत नाही ना, तेवढं दुकानातच करून बघ.